लोकरीचा चक्रव्यूह

शैलजाच्या डाव्या तर्जनीचं नख बाकीच्या नखांपेक्षा नेहमी आखूड कापलेलं असे, आणि त्या बोटाचं टोक किंचित चपटं झालेलं होतं. ब्रेल वाचताना ती उजव्या हातानं ओळ धरून ठेवायची आणि अक्षर या बोटानं वाचायची. ते बोट आत्ता माझ्या विणकामावरून सरकत होतं. तपकिरी लोकरीला धरून ते अर्धं वळण गेलं, थबकलं, थोडं मागं आलं आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबलं.

"वन्सं, एकच वाट आहे म्हणालात ना?"

"एकच. चुकायला जागाच नाही त्यात."

"मग इथं चार कशा फुटल्या?"

मी वाकून पाहिलं. तिचं बोट आकृतीच्या मधोमध, जिथं दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या त्या जागी होतं. तिथं कुणाचं बोट जायलाच नको होतं.

"तू भिंतीवर चढलीस," मी म्हणाले. "तपकिरी लोकर म्हणजे भिंत. दोन भिंतींच्या मधली सपाट पट्टी आहे ना, ती वाट."

"असं होय." ती हसली. "मग बोटाला कसं कळावं ते? बोटाला जे वर आलेलं लागतं तेच ते धरतं. मी आपली निघाले तुमच्या भिंतीवरून मांजरीसारखी."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "काय झालं गं? चुकलं का?"

"नाही आई," शैलजा म्हणाली, "वन्सं चुकल्या."

आई मनापासून हसली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि चूक झाली की ती मोजून, तपासून, दुरुस्त करायची सवय मला होती. पण आईला माझं चुकलेलं फार आवडायचं.

आमच्या घरात पहिलटकरणीला नववा महिना लागला की चक्रव्यूह दाखवतात. तांब्याच्या ताटात उगाळलेल्या केशरानं सात फेऱ्यांची एक आकृती काढायची. तिच्या तोंडापासून निघून एकच वाट वळत वळत मधल्या ठिपक्यापर्यंत जाते. पहिलटकरणीनं त्या वाटेवरून नजर आत न्यायची आणि तशीच बाहेर आणायची. मग ते केशर पाण्यानं धुऊन तिला प्यायला द्यायचं. बाळाची वाट मोकळी होते म्हणतात. वाट मोकळी होते यावर माझा विश्वास नव्हता, पण आकृती मला लहानपणापासून आवडायची. मलाही पहिल्या खेपेला ती दाखवली होती. मूल जन्माला आलं ते हललं नाही. दुसऱ्या खेपेला नववा महिना लागलाच नाही.

शैलजा माझ्या धाकट्या भावाची, मुकुंदची बायको. सांगलीतल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती. लहानपणी गोवर झाला, त्यात तिची दृष्टी गेली. तिला दिवस गेल्यावर आईनं चक्रव्यूहाचा विषय काढला तो असा: "तिला काय दाखवणार? केशराचं पाणी तेवढं पाजू, झालं."

शैलजा तिथंच बसली होती. म्हणाली, "पाणी पिईन आई. पण आधी बघायचाय मला."

म्हणून मी तो विणायला घेतला होता. माझ्या घरून, कराडहून येताना पिशवीत घालून आणायचा, तिच्या बोटाखाली ठेवायचा, नेऊन सुधारायचा. क्रोशाची सुई माझ्या हातात आईनंच दिलेली. माझ्या रुखवतातलं तोरणसुद्धा मी विणलेलं होतं. बुडाला जाड पांढऱ्या सुताचा चौकोन, सगळा मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या दाट टाक्यांचा, सपाट. त्यावर लोकर. पुढं वर कळकाची काठी घालून तो भिंतीवर टांगायचा होता.

विणण्याचं हे कारण सगळ्यांना माहीत होतं. दुसरी एक गोष्टही सगळ्यांना माहीत होती, पण ती कुणी माझ्यासमोर काढत नव्हतं.

ती आईनं ठरवली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "नले, मी काही वाईट म्हणून बोलत नाही. माझे गुडघे हे असे. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसरा पिकायला टेकलाय. मुकुंदची कामाची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. बाळ घुसमटलं, निळं पडलं, तर या घरात बघणार कोण? एक आंधळी आणि दुसरी होऊ घातलेली. बारसं झालं की बाळ तुझ्याकडं ने. शाळेत जाईपर्यंत. तुझ्या हाताला मूल हवंय, त्याच्या डोक्यावर डोळे हवेत. दोघांचंही होईल."

मी काही बोलले नाही. आईनं तो होकार धरला असावा. मुकुंदनं मान खाली घातली. शैलजाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वन्संना सांगू दे. त्यांच्या तोंडून ऐकेन मी."

मी सांगितलं नाही. सहावा गेला, सातवा गेला. दर रविवारी मी सांगलीला येत होते, तिच्याशेजारी बसत होते, तिच्या बोटाकडं बघत होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात होते. तिनं एकदाही विचारलं नाही. न विचारता ती थांबून राहिली, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. विचारलं असतं तर त्या दिवसांत मी हो म्हणाले असते.

कारण मला ते मूल हवं होतं. हे दिनकरला, माझ्या नवऱ्याला, न सांगता कळत होतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "माळ्यावरचा पाळणा खाली काढू का? नुसता पुसून ठेवतो."

"कशाला?"

"लागला तर असू दे."

"लागला तर काढू."

त्यानं आमटीचं पातेलं माझ्याकडं सरकवलं. "नलिनी, तू ठरवलंयस का काही?"

"नाही."

"बरं. मग नाही काढत."

शैलजा भिंतीवर चढली त्या दिवशी घरी आल्यावर मी सगळी तपकिरी लोकर उसवली. भिंतच ठेवायची नाही, वाटच उंच करायची, असं ठरवलं. पांढऱ्या सपाट बुडावरून एक जाड फुगीर दोरी निघेल आणि मध्यापर्यंत जाईल, दुसरं काही बोटाला लागणारच नाही. हे आधी का सुचलं नाही याचा विचार करताना लक्षात आलं, की कागदावर आपण नेहमी भिंती काढतो आणि उरलेल्या जागेला वाट म्हणतो. डोळ्याला ते चालतं.

विणून झाल्यावर मी डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. सरळ मध्यापर्यंत गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. समाधानानं मी तो पिशवीत घातला.

पुढच्या रविवारी शैलजाचं बोट तिसऱ्या फेरीत अडखळलं.

"आता काय झालं?" मी म्हणाले. "मी स्वतः डोळे मिटून बघितलंय."

"तुम्हाला वाट आधीच पाठ होती की, वन्सं."

 उत्तर माहीत असलेल्या माणसानं चाचणी घेऊ नये, हे मी दरवर्षी मुलांना सांगत होते.

"त्रास कुठं होतोय ते सांग," मी वही न काढता विचारलं. वही काढली असती तर परीक्षा घेतल्यासारखं झालं असतं.

"शेजारच्या दोन फेऱ्या सारख्याच लागतात. मी कुठल्या फेरीत आहे ते कळत नाही. आणि वळण एकदम येतं. आपण चालताना वळणाच्या आधी काहीतरी कळतंच ना? वारा लागतो, गटाराचा वास येतो, आवाज बदलतो. तसं काहीतरी आधी कळू दे मला."

मग प्रत्येक फेरीचा टाका वेगळा केला. एकीला पीळ, एकीला खवले, एकीला वाटाण्याएवढे फुगवटे, एक अगदी गुळगुळीत. वळण येण्याआधी तीन बारीक गाठी. हे सगळं तिनं सांगितलं आणि मी विणलं असंही नव्हे. पुष्कळदा मी काहीतरी करून नेलं आणि तिनं नापसंत केलं. खवल्यांना ती "झुरळाची पाठ" म्हणाली, ते काढावे लागले.

आठव्या महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघी पलंगावर बसलो होतो. विणलेला पट तिच्या पोटाच्या उतारावर टेकवलेला होता. आई खाली जमिनीवर लसूण सोलत होती. शैलजाचं बोट पहिल्या फेऱ्या फिरून आतल्या अंगाला आलं आणि मधल्या ठिपक्याच्या अगदी शेजारी पोचलं. तिथून वाट पुन्हा बाहेर वळते. ते वळण तिला चुकेल असं मला वाटलं. मी नकळत तिचं बोट धरलं आणि वळवलं.

तिनं हात काढून घेतला नाही. वळण होऊ दिलं, मग म्हणाली, "वन्सं, एक बोलू?"

"बोल."

"तुम्ही बोट धरलंत की मला तुमचा हात कळतो. वाट नाही कळत."

मी हात सोडला. ती पुन्हा वाटेच्या तोंडापाशी गेली आणि सुरुवातीपासून निघाली. या खेपेला मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. त्या वळणावर तिचं बोट चुकलं, पांढऱ्या सपाट सुतावर घसरलं, इकडं तिकडं चाचपडलं. मला ते बघवेना. मग त्याला गाठी लागल्या, ते परत वाटेवर चढलं आणि पुढं गेलं.

"आता आलं, आता आलं म्हणते, तोवर लांब नेलं की ओ यानं," ती म्हणाली.

"असाच आहे तो. ठिपक्याला खेटून जातो आणि पुन्हा बाहेर काढतो. त्यानंतर मग आत."

"बाळंतपणासारखंच की मेलं," खालून आई म्हणाली. "मुकुंदच्या वेळी मला दोनदा दवाखान्यातून परत धाडलं होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, आज नक्की ना?"

शैलजा हसून हसून पोट धरून बसली. हसणं ओसरल्यावर तिनं पट बाजूला ठेवला आणि आवाजाच्या दिशेनं, आईकडं तोंड केलं.

"आई, तुम्हाला माझी भीती वाटते, ना?"

आईच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. "तुझी कशाला वाटेल? बाळाची वाटते."

"मलाही वाटते. ताप मला तुमच्याआधी कळेल. श्वास बदलला तर कळेल, रोज हेडफोनवर माणसं ओळखते मी. अंगावर पुरळ आलं तर बोटाला लागेल. रंग नाही कळायचा. निळं, पिवळं, ते नाही कळायचं. तेवढ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ शेजारच्या जोशीकाकूंना विचारणार आहे, बोललेय मी त्यांच्याशी. बँकेतनं वर्षाची रजाही मागितलीय. बाकी पडेल, आपटेल, ते सगळ्यांचीच पोरं आपटतात."

"आणि घशात काही अडकलं म्हणजे?"

"तेव्हा तुम्हाला दिसतं, का ऐकू येतं, आई?"

आईनं पाकळी सोलून वाटीत टाकली. पुटपुटली, "ऐकूच येतं." आणि मग माझ्याकडं पाहून, मोठ्यानं, "पण आता माझं काय चालतंय? मी नलीवर सोपवलंय."

दोघीही माझ्या बाजूला वळल्या. मी पट उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला, गाडीची वेळ झाली म्हणाले.

गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवर पिशवी होती, पिशवीत हात घालून मी डोळे मिटून ती वाट चाचपत राहिले. खवल्यांच्या जागी घातलेल्या नव्या टाक्यांत एक टाका सुटलेला माझ्या बोटाला लागला. डोळे उघडून पाहिलं तर दिसेना; पांढऱ्यावर पांढरा होता. पुन्हा डोळे मिटले तेव्हा लागला.

चक्रव्यूह दाखवायचा तो शुक्रवार होता. मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, दिनकरही बरोबर आला. मुकुंदनं त्या दिवसाची पाळी बदलून घेतली होती. त्यानं भिंतीत खिळा ठोकून पट टांगला तो आधी स्वतःच्या उंचीनं. शैलजा पुढं झाली, हात वर केला आणि म्हणाली, "हे तुमच्यासाठी लावलंय का? खाली घ्या." तो तिच्या छातीच्या उंचीवर आला. आईनं केशराचं ताट पाटावर तयार ठेवलं होतं. तिच्या मोतीबिंदूमुळं त्यातल्या दोन फेऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. "माझ्या या ताटातून कुणी बाहेर येणार नाही," आई म्हणाली, "तुझ्याच विणकामावर भिस्त."

शैलजानं हिरवं पातळ नेसलं होतं. आईनं तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. तिनं आखूड नखाचं बोट पटावरच्या वाटेच्या तोंडाशी ठेवलं आणि निघाली.  दिनकर दाराला टेकून उभा होता. मी तिच्या डाव्या अंगाला होते, कारण आमच्याकडं त्या बाजूला नणंदेनं उभं राहायचं असतं.

पीळ, फुगवटे, गुळगुळीत. ती घाई करत नव्हती. ठिपक्याच्या शेजारून वाट बाहेर वळली तिथं बोट क्षणभर थांबलं, गाठी मोजल्या आणि वळलं. पुढच्या दोन फेऱ्या. मग मध्य. मध्यावर मी लोकरीचं मऊ, वाटीएवढं गोल विणलं होतं. तिथं तिनं बोट नाही, सगळा तळवा ठेवला.

"पोचली," मुकुंद हळूच म्हणाला.

"विचार गं," आई मला म्हणाली.

मध्यावर पोचलं की नणंदेनं पहिलटकरणीला विचारायचं असतं, आत कोण? ती म्हणते, बाळ. मग विचारायचं, येणार कुणाकडं? आणि तिनं म्हणायचं, आत्याकडं. मग सगळे हसतात, कारण पहिली कुंची आत्यानं द्यायची असते आणि आत्याची पिशवी त्यानंतर तपासली जाते. मला माझ्या मामेनणंदेनं विचारलं होतं तेव्हा मीही तसंच म्हणाले होते. गंमतच असते ती.

"आत कोण?" मी विचारलं.

"बाळ," शैलजा म्हणाली.

"येणार कुणाकडं?"

 तळवा मध्यावर तसाच होता. आईनं वाट पाहिली. मुकुंदनं खाली पाहिलं. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"म्हण की," आई म्हणाली. "आत्याकडं म्हणायचं असतं. म्हण, मग बाहेर यायचं."

"माहीत आहे, आई." शैलजानं मान माझ्या बाजूला केली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बँकेत फोन जोडून देताना असायचा तसा. "वन्सं, तुम्ही सांगाल ते म्हणेन मी. पण आज सांगा. आत येऊन थांबलेय मी."

माझ्या पिशवीत कुंची होती. पांढरी, पटातून उरलेल्या लोकरीची. कराडच्या घरी माळ्यावर पाळणा होता. दिनकर माझ्याकडं पाहत होता आणि मला ठाऊक होतं, मी काहीही म्हणाले तरी तो घरी जाऊन तेवढंच करणार होता. पाळणा काढणार होता किंवा काढणार नव्हता.

तिचं बोट धरून तिला बाहेर आणावं असं मला फार वाटलं. मी हात पाठीमागं घेतले.

"आत्याकडं म्हणू नकोस," मी म्हणाले.

"नले," आई म्हणाली.

"आई, थांब. मला बोलू दे, नाहीतर पुन्हा राहील." मी शैलजाकडं वळले. "शैलजा, बाळ तुझ्याकडं येणार. इथं, या घरात, तुझ्याजवळ राहणार. मी नेणार नाही."